संगणकीय दप्तराचा दप्तरदार

(डेटाबेस प्रशासकाच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या तयारीविषयी सोलापूर येथे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



सोलापूर शहरात आणि जिल्ह्याच्या अकराही तालुक्यांत अनेक घरांतून एक प्रश्न विचारला जातो. मुलगा अथवा मुलगी पदवीधर झाली, संगणकाचे शिक्षण झाले. आता पुढे कोणती परीक्षा द्यावी? १९८३ मध्ये सोलापुरात वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही अभियांत्रिकी शिक्षणसंस्था सुरू झाली. २००४ मध्ये एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. तेच आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. संगणकाच्या पदवीसाठी जिल्हा सोडण्याची गरज त्यामुळे पूर्वीइतकी राहिलेली नाही. पदवीनंतरची वाट मात्र बहुधा पुण्याकडे जाते, आणि त्या वाटेवर पदवीच्या जोडीला एखादे व्यावसायिक प्रमाणपत्र असावे, असे विद्यार्थ्यांना वाटते. अशा प्रमाणपत्रांपैकी एक महत्त्वाचे प्रमाणपत्र डेटाबेस प्रशासकाचे होय.

हा विषय केवळ नोकरी शोधणाऱ्या तरुणांचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. ज्यांच्या सहीने नोंद प्रमाणित होते ते अधिकारी, ज्यांच्या हातून विद्यार्थ्यांची नावे व जन्मतारखा नोंदवल्या जातात ते शिक्षक आणि ज्यांच्याकडे ग्रामस्थ दाखल्यासाठी येतात ते पंचायत सदस्य, या सर्वांचे दैनंदिन काम आज कोठेतरी ठेवलेल्या डेटाबेसवर उभे आहे. तो सांभाळणारा मनुष्य काय शिकला आणि कसा शिकला, हा म्हणूनच सार्वजनिक हिताचा प्रश्न ठरतो.

दप्तराची परंपरा

ठरावीक रचनेत ठेवलेल्या आणि परस्परांशी जोडलेल्या नोंदींचा संग्रह म्हणजे डेटाबेस. महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. दप्तर, दप्तरदार, फडणीस हे शब्द मराठी राज्यकारभारात रुळलेले होते. कागद रुमालांत बांधून, अनुक्रमाने लावून ठेवण्याची पद्धत होती. दप्तरदाराची कर्तव्ये मुख्यतः तीन असत. हवा तो कागद हव्या त्या वेळी सापडला पाहिजे. ज्याला अधिकार नाही त्याचा हात कागदाला लागता कामा नये. आणि आग, पाणी व वाळवी यांपासून कागद वाचला पाहिजे. डेटाबेस प्रशासकाची कर्तव्ये हीच आहेत. कागदाची जागा तबकडीने घेतली आणि वाळवीची जागा इतर संकटांनी घेतली, एवढाच फरक.

सोलापूरचे या शास्त्राशी आणखी एक जवळचे नाते आहे. सोलापुरी चादरीवरील नक्षी ज्या जॅकार्ड यंत्राने विणली जाते, त्या यंत्रात परंपरेने छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असे. जेथे छिद्र, तेथे ताण्याचा धागा उचलला जाई. जेथे छिद्र नाही, तेथे तो खाली राही. फ्रान्समधील जोसेफ मारी जॅकार याने १८०४ च्या सुमारास हे यंत्र पुढे आणले. छिद्र असणे आणि नसणे या दोनच खुणांनी माहिती साठवण्याचे हेच तत्त्व हर्मन हॉलरिथ याने १८९० च्या अमेरिकेतील जनगणनेसाठी वापरले. हॉलरिथची कंपनी पुढे ज्या उद्योगसमूहात विलीन झाली, त्याला १९२४ मध्ये आयबीएम हे नाव मिळाले. त्याच आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. नोंदी ओळी आणि रकाने असलेल्या तक्त्यांच्या रूपात ठेवाव्यात, आणि त्या यंत्रात नेमक्या कोठे साठवल्या आहेत याची चिंता त्या वापरणाऱ्याला करावी लागू नये, हा त्या निबंधाचा गाभा होता. आजच्या ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल या प्रणाली याच विचारातून उभ्या राहिल्या. या कार्याबद्दल कॉडला १९८१ मध्ये संगणकशास्त्रातील ट्युरिंग पुरस्कार मिळाला. माग चालवणाऱ्या घरातील मुलाने डेटाबेसचा अभ्यास हाती घेतला, तर आजोबांच्या यंत्राशी त्याचा धागा असा जुळलेला आहे.

फेरफार आणि रोजकीर्द

डेटाबेस प्रशासकाच्या परीक्षेतील सर्वांत अवघड समजला जाणारा भाग गावच्या चावडीत बसणाऱ्याला सहज उमजण्यासारखा आहे. गावात एखाद्या खातेदाराचा मृत्यू झाला आणि त्याच्या पत्नीने वारसनोंदीसाठी अर्ज केला, असे समजू. अर्ज येताच तलाठ्याने, ज्याला २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हटले जाते, सातबाऱ्यावरील नाव खोडून नवे नाव लिहायचे नसते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५० नुसार नोंद प्रथम गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत होते. हितसंबंधितांना नोटीस दिली जाते. हरकत आल्यास प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. हरकत नसेल, तर सक्षम अधिकारी फेरफार प्रमाणित करतो आणि त्यानंतरच तो बदल सातबाऱ्यावर येतो. प्रत्येक फेरफाराला क्रमांक असतो. जुना सातबारा आणि त्यानंतरचे सर्व फेरफार क्रमाने हाती असले, तर आजचा सातबारा पुन्हा लिहून काढता येतो.

चांगला डेटाबेस याच शिस्तीने चालतो. होणारा प्रत्येक बदल आधी एका रोजकीर्दीत लिहिला जातो. रोजकीर्दीतील ती ओळ तबकडीवर पक्की झाल्याशिवाय ‘नोंद झाली’ असे उत्तर प्रणाली देत नाही. मूळ तक्त्यात तो बदल नंतर सवडीने उतरवला जातो. रोजकीर्द आणि खतावणी यांचे नाते ज्या पंचायत सदस्याला ठाऊक आहे, त्याला हे तत्त्व वेगळे शिकवावे लागणार नाही. ओरॅकलमध्ये या रोजकीर्दीला रीडू लॉग म्हणतात. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये तिचे नाव वॉल असे आहे. नावे भिन्न असली तरी काम एकच.

आता त्या वारसनोंदीकडे पुन्हा वळावे. रविवारी रात्री डेटाबेसची संपूर्ण प्रत काढून ठेवली. मंगळवारी विधवेची नोंद पक्की झाली. बुधवारी दुपारी तबकडी निकामी झाली. गुरुवारी ती बाई पीक कर्जासाठी बँकेत उतारा घेऊन जाणार आहे. तिचे नाव दप्तरात असेल काय? रविवारची प्रत शाबूत आहे आणि त्यानंतरची रोजकीर्द वेगळ्या जागी जपून ठेवलेली आहे, अशा स्थितीत प्रशासक रविवारची प्रत पुन्हा मांडतो, तिच्यावर सोमवार, मंगळवार आणि बुधवारच्या नोंदी क्रमाने चढवतो, आणि बाईचे नाव परत येते. रोजकीर्द जपलेली नसेल, तर रविवारनंतरचे सर्व काही गेले. ओरॅकलमध्ये जुनी रोजकीर्द साठवून ठेवण्याची ही व्यवस्था सामान्यतः मुद्दाम चालू करावी लागते. ती चालू नसेल, तर जागा पुरावी म्हणून जुन्या रोजकीर्दीवरच नवी लिहिली जाते. ही एक गोष्ट माहीत असणे आणि नसणे यांतील अंतर त्या बाईच्या कर्जाएवढे आहे.

महसूल संहितेच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत अथवा तिच्या जागी कायदेशीर रीतीने दुसरी नोंद होईपर्यंत, खरी मानली जाते. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला आणि उताऱ्यासाठी चावडीपर्यंत जाण्याचे कारण उरले नाही. ही मोठी सोय झाली. परंतु ज्या नोंदीला कायदा खरी मानतो, ती नोंद आता यंत्रात आहे. आणि यंत्राची काळजी वाहणारा मनुष्य खातेदाराला कधीही दिसत नाही.

परीक्षा कोणत्या आणि त्या काय तपासतात

या क्षेत्रात एकच सर्वमान्य सरकारी परीक्षा नाही. ज्या कंपनीची डेटाबेस प्रणाली, तिचेच प्रमाणपत्र, अशी रीत आहे. ओरॅकल कंपनीने आपल्या ‘एकोणीस सी’ या आवृत्तीच्या व्यावसायिक प्रमाणपत्रासाठी प्रशासनाच्या दोन परीक्षा ठेवल्या. पहिलीत पायाभूत प्रशासन आणि एसक्यूएल ही प्रश्नभाषा, तर दुसरीत प्रती काढणे, पुनःस्थापना, आवृत्ती बदलणे, कार्यगती वाढवणे अशा विषयांवर भर आहे. मायक्रोसॉफ्टचे प्रमाणपत्र ‘अझूर’ या मेघसेवेवरील डेटाबेस प्रशासनासाठी आहे. त्यात उत्तीर्ण होण्यास १,००० पैकी ७०० गुणांक लागतो, आणि ते दर वर्षी विनामूल्य ऑनलाइन चाचणी देऊन नवे करावे लागते. अभ्यासक्रम आवृत्तीनुसार बदलत असल्यामुळे कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरील चालू अभ्यासक्रम हाच प्रमाण मानावा. एमएस-सीआयटीसारखा प्राथमिक अभ्यासक्रम संगणकाची ओळख करून देतो. ही परीक्षा त्याच्या बरीच पुढची आहे, हेही पालकांनी ध्यानी घ्यावे.

या परीक्षांतील बहुतेक प्रश्न दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडण्याचे असतात. येथेच धोका आहे. पर्याय निवडण्याची परीक्षा पाठांतराने उत्तीर्ण होता येते, असा समज पसरला, आणि फुटलेल्या प्रश्नांच्या जुड्या विकण्याचा धंदा जगभर उभा राहिला. अशा जुड्या वापरणे परीक्षेच्या करारान्वये निषिद्ध आहे, आणि गैरप्रकार सिद्ध झाल्यास प्रमाणपत्र रद्द होते. परंतु खरे नुकसान त्याहून मोठे आहे. उत्तर पाठ असलेला उमेदवार नोकरीवर रुजू होतो, आणि पहिल्या बुधवारी तबकडी निकामी होते. तेव्हा त्याच्यापुढे चार पर्याय मांडणारे कोणी नसते. ओरॅकलच्या सर्वोच्च ‘मास्टर’ प्रमाणपत्रासाठी उमेदवाराला प्रत्यक्ष यंत्रावर काम करून दाखवण्याची परीक्षा ठेवण्यात आली, ती याच कारणाने होय.

बिघडवून शिकणे

या परीक्षेची तयारी वाचून होते ती अर्धी. उरलेली अर्धी बिघडवून आणि दुरुस्त करून होते. त्यासाठी महागड्या वर्गाची आवश्यकता नाही. पोस्टग्रेएसक्यूएल ही संपूर्ण प्रणाली विनामूल्य आहे. ओरॅकलचीही विनामूल्य आवृत्ती मिळते. ती १२ गिगाबाइट माहिती आणि २ गिगाबाइट स्मृती एवढ्या मर्यादेत चालते, आणि सरावासाठी एवढे पुरेसे आहे. एकाच संगणकात दुसरा आभासी संगणक उभा करण्याची सोयही विनामूल्य मिळते. त्या आभासी संगणकाची कितीही मोडतोड केली, तरी घरचा अथवा महाविद्यालयाचा संगणक सुरक्षित राहतो.

पाया ज्याचा पक्का आहे, त्याने रोज दोन तास दिल्यास सहा महिन्यांची आखणी सोयीची ठरते. पहिल्या महिन्यात लिनक्स ही कार्यप्रणाली आणि एसक्यूएल यांचा सराव करावा. दुसऱ्या महिन्यात डेटाबेसच्या पोटात काय चालते ते शिकावे: कोणत्या फाइली असतात, स्मृतीचे कोणते भाग असतात, पार्श्वभूमीला कोणत्या प्रक्रिया चालू राहतात. तिसऱ्या महिन्यात वापरकर्ते आणि त्यांचे अधिकार घ्यावेत. चौथा संपूर्ण महिना प्रती काढणे आणि पुनःस्थापना यांना द्यावा. पाचव्यात कार्यगती पाहावी: निर्देशसूची केव्हा उपयोगी पडते आणि केव्हा ओझे होते, एखादी विचारणा मंद का चालते. सहाव्या महिन्यात उजळणी आणि अधिकृत सराव चाचण्या कराव्यात. सैद्धांतिक पाया पक्का करण्यासाठी रमेझ एल्मासरी आणि शामकांत नवाथे यांचे १९८९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले ‘फंडामेंटल्स ऑफ डेटाबेस सिस्टिम्स’ हे पाठ्यपुस्तक उपयुक्त आहे. सिल्बरशॅट्झ, कोर्थ आणि मुंबईच्या आयआयटीतील सुदर्शन यांचे ‘डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स’ हे पुस्तकही तितकेच मान्यता पावलेले आहे.

सरावासाठी एका काल्पनिक गावाचे दप्तर तयार करावे. खातेदार, गट, फेरफार आणि पिके असे चार तक्ते पुरेत. त्यावर पुढील प्रयोग करावेत. एका खातेदाराकडे १ हेक्टर ६० आर जमीन आहे. त्यातील ८० आर दुसऱ्याला विकली. एकाचे क्षेत्र घटवणे आणि दुसऱ्याचे वाढवणे ही दोन कामे आहेत. परंतु झाली तर दोन्ही व्हावीत, नाही तर एकही होऊ नये. पहिले काम करून दुसऱ्यापूर्वी आभासी संगणक एकदम बंद करावा. पुन्हा चालू केल्यावर अर्धवट बदल दिसता कामा नये. मग दोन्ही कामे पूर्ण करून, नोंद पक्की झाल्याचे उत्तर आल्यावर त्याच क्षणी संगणक बंद करावा. या वेळी बदल टिकला पाहिजे. वीज जाणे ज्यांच्या ओळखीचे आहे, अशा विद्यार्थ्यांना हा धडा एका संध्याकाळी समजतो आणि जन्मभर लक्षात राहतो. त्यानंतर दोन खिडक्यांतून एकाच गटाची नोंद एकाच वेळी बदलण्याचा प्रयत्न करावा, आणि प्रणाली दुसऱ्याला कशी थांबवून ठेवते ते पाहावे.

चार विद्यार्थ्यांनी मिळून अभ्यास केल्यास अधिक चांगले. दर शनिवारी एकाने गुपचूप बिघाड करावा: एखादी फाइल नष्ट करावी, एखादा तक्ता पुसावा अथवा तबकडी भरून टाकावी. उरलेल्या तिघांनी कारण शोधून डेटाबेस पूर्ववत करावा. किती वेळ लागला आणि किती नोंदी गमावल्या, या दोन आकड्यांची वही ठेवावी. मुलाखतीच्या वेळी ही वही प्रमाणपत्राइतकीच बोलकी ठरेल. खऱ्या नागरिकांची माहिती मात्र सरावासाठी कधीही वापरू नये. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ अस्तित्वात आला आहे. आणि कायदा नसता, तरी दुसऱ्याचे दप्तर सरावासाठी घरी नेणे दप्तरदाराला शोभणारे नव्हे.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजी ग्रंथांची भीती वाटते. ती अनाठायी नाही, पण तिच्यावर उपाय आहे. प्रत्येक संकल्पना आधी मराठीत, रोजकीर्द, खतावणी, फेरफार अशा ओळखीच्या शब्दांत स्वतःला समजावून सांगावी, आणि मग इंग्रजी संज्ञा शिकावी. अर्थ आधी आला की शब्द लवकर बसतो.

न पाहिलेली प्रत

प्रती काढल्या म्हणजे काम झाले, हा समज किती महागात पडतो याचे एक जगप्रसिद्ध उदाहरण आहे. गिटलॅब ही संगणकप्रणालींचे लेखन साठवून ठेवणारी आंतरराष्ट्रीय कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री एक बिघाड दुरुस्त करताना तिच्या एका अभियंत्याने चुकीच्या यंत्रावर आज्ञा दिली, आणि मुख्य डेटाबेसमधील सुमारे ३०० गिगाबाइट माहिती पुसली गेली. प्रती ठेवण्याच्या अनेक व्यवस्था होत्या. ऐन वेळी पाहता, रोज प्रत काढणारी आज्ञा आवृत्त्यांच्या विसंगतीमुळे अयशस्वी होत होती. अपयशाची सूचना देणारी टपालेही वाटेतच नाकारली जात होती, म्हणून ती कोणाच्या दृष्टीस पडली नव्हती. सुदैवाने सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी हाताने काढलेली एक प्रत सापडली. सहा तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या. कंपनीने हा सारा वृत्तांत स्वतः जाहीर केला, हे तिच्या प्रामाणिकपणाचे द्योतक होय.

यातून निघणारा धडा साधा आहे. जी प्रत पुन्हा मांडून पाहिलेली नाही, ती प्रत आहे असे धरूच नये. तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी असावी, हा नियम सर्वत्र सांगितला जातो. त्याला जोडून ठरावीक दिवशी पुनःस्थापनेची रंगीत तालीम झाली पाहिजे. डेटाबेस प्रशासकाच्या संपूर्ण विद्येतील एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली, तर ती ही तालीम होय.

मराठी नोंदीचे वेगळे प्रश्न

सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या भाषा शेजारी शेजारी नांदतात. एकाच आडनावाची दोन कागदांवर दोन वळणे दिसणे येथे नवलाचे नाही. म्हणून व्यक्तीची ओळख नावावरून न ठरवता स्वतंत्र क्रमांकावरून ठरवावी, हा डेटाबेस रचनेतील नियम सोलापूरकराला उदाहरण न देताही पटतो. राज्यातील शाळांसाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘सरल’ प्रणालीत विद्यार्थ्यांची नावे भरणाऱ्या शिक्षकांनाही या नियमाचे महत्त्व अनुभवाने ठाऊक आहे.

दुसरा प्रश्न लिपीचा. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत रोमन लिपीचे एक अक्षर एक बाइट जागा घेते, तर देवनागरीचा प्रत्येक वर्ण, काना, मात्रा आणि पायमोडीची खूणही तीन बाइट घेते. ‘सोलापूर’ हे नाव रोमन लिपीत ७ बाइटचे आहे आणि देवनागरीत २१ बाइटचे. तालुक्याच्या नावासाठी ३० बाइटचा रकाना आखला, तर ‘मंगळवेढा’ त्यात २४ बाइट घेऊन मावेल. पण ‘उत्तर सोलापूर’ला ३७ बाइट लागतात, आणि त्याची नोंद नाकारली जाईल. रकाना बाइटने न मोजता अक्षरांनी मोजण्याची सोय प्रणालीत असते. ती वापरायची हे आखणी करतानाच ठरवावे लागते. परकीय पाठ्यपुस्तकात हा प्रश्न एका ओळीत संपतो. सोलापूरच्या प्रशासकाला तो पहिल्या दिवशी भेटतो.

अधिकार आणि जबाबदारी

तिसऱ्या महिन्याच्या अभ्यासाविषयी दोन शब्द आवश्यक आहेत, कारण त्याचा संबंध प्रत्येक कार्यालयाशी येतो. ज्याला जेवढ्या कामाची आवश्यकता, त्याला तेवढाच अधिकार, हे डेटाबेस सुरक्षेचे मूलतत्त्व आहे. उतारा पाहणाऱ्याला नोंद बदलण्याचा अधिकार असू नये. नोंद करणाऱ्याला ती प्रमाणित करण्याचा अधिकार असू नये. महसूल व्यवस्थेने हे दोन हात पूर्वीपासूनच वेगळे ठेवले आहेत. एका परवलीच्या शब्दावर सारे कार्यालय काम करू लागले, की ही विभागणी नाहीशी होते, आणि चूक कोणाच्या हातून झाली ते कधीही कळत नाही. परवलीचा शब्द सहीच्या शिक्क्याप्रमाणे जपला पाहिजे. खुद्द प्रशासकाच्या कृतींचीही नोंद राहावी आणि ती दुसऱ्या कोणी तपासावी, अशी व्यवस्था प्रणालीत करता येते. दप्तरदार विश्वासू असावा; पण दप्तर केवळ विश्वासावर सोडू नये.

कोणी काय करावे

जिल्ह्यात सहकारी बँका, साखर कारखाने, रुग्णालये, महाविद्यालये, नगरपालिका आणि महानगरपालिका आहेत. या सर्वांकडे डेटाबेस आहेत. पुण्याला जाणाऱ्या तरुणाला शुभेच्छा अवश्य द्याव्यात. परंतु त्याच्या विद्येची गरज सोलापुरातही आहे, हे संस्थांनी ओळखले पाहिजे.

शिक्षकांनी महाविद्यालयाची प्रयोगशाळा सायंकाळी दोन तास उघडी ठेवली, तर ज्यांच्या घरी संगणक नाही अशा विद्यार्थ्यांची तयारी होऊ शकेल. फुटलेल्या प्रश्नांच्या जुड्या वर्गात येऊ न देणे हेही शिक्षकांचेच काम आहे. अधिकाऱ्यांनी डेटाबेसचे काम बाहेरील संस्थेला देताना कर्मचाऱ्यांची प्रमाणपत्रे तर पाहावीतच, पण तीन प्रश्न लेखी विचारावेत. शेवटची प्रत पुन्हा मांडून कधी पाहिली? त्याला किती वेळ लागला? आज यंत्र बंद पडले, तर कोणत्या वेळेपर्यंतच्या नोंदी परत मिळतील? या प्रश्नांची उत्तरे तारीख, तास आणि मिनिटे यांतच आली पाहिजेत. ‘सर्व व्यवस्थित आहे’ हे उत्तर स्वीकारू नये. पंचायत सदस्यांनी ग्रामपंचायतीच्या संगणकातील नोंदींची प्रत कोठे असते, ती कोणाच्या ताब्यात असते आणि ती उघडून कोणी पाहिली आहे, याची चौकशी मासिक सभेत करावी. एवढ्यासाठी तांत्रिक ज्ञान लागत नाही.

परीक्षेचा दिवस येईल आणि जाईल. उत्तीर्ण झालेल्याच्या घरी आनंद होईल, आणि तो व्हावाही. कारण सहा महिन्यांचे श्रम आणि आईबापांनी भरलेले शुल्क त्यामागे असते. मात्र त्या कागदाची खरी कसोटी पुढे केव्हातरी, कोणत्यातरी बुधवारी लागेल. त्या दिवशी दप्तरदाराने शांतपणे रविवारची प्रत काढावी, रोजकीर्द चढवावी, आणि गुरुवारी सकाळी बँकेच्या दारात उभ्या असलेल्या बाईला मध्यंतरी काही घडले होते याचा पत्ताही लागू नये. प्रमाणपत्र ज्या ज्ञानाचे आहे ते ज्ञान हेच, आणि तयारी करायची ती याच दिवसाची.